येळवशीचा तास

"हां, सत्यभामा. उभी राहून विचार, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

सत्यभामा वर्गात नव्हती. वर्गात कोणीच नव्हतं. समोर रिकामे बाक होते आणि फळ्यावर मी नुकतीच लिहिलेली इंग्रजी तुलनेची तीन वाक्यं होती. टेबलावर एक ग्लास हरभरे, तसाच एक ग्लास रवा आणि एक उभी काचेची बरणी. मागच्या भिंतीवर, पंख्याच्या वर, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता.

प्रश्न ऐकून घेतल्यासारखं मी थोडं थांबले. मान हलवली. "चांगला प्रश्न आहे. नीट ऐका." मग एक उत्तर दिलं, हळूहळू, दोनदा. फळ्यावर ते लिहिलं नाही. ते वाक्य माझ्या अक्षरात कुठं राहावं असं मला वाटत नव्हतं. "कळलं का सगळ्यांना?" असं रिकाम्या बाकांना विचारून मी फळा पुसला आणि वर्गातले दिवे बंद केले.

त्या दिवशी येळवस होती. आमच्या उदगीरकडे वेळ अमावस्येला गाव ओस पडतं. सगळे शेतात जातात, कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढं भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन बसतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. तरी आमच्या शिखरदीप अकॅडमीच्या दारावर कागद होता : 'येळवशीलाही वर्ग सुरू राहतील. यश सुट्टी घेत नाही.' कागद लावणारे डी. के. सर स्वतः सकाळीच देवणीकडच्या शेतात गेले होते.

डी. के. म्हणजे धनंजय कोनाळे. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक अशा परीक्षांची तयारी करून घेणारी अकॅडमी त्यांचीच आणि इंग्रजीचा तासही त्यांचाच. मी, मयूरी हुडगे, फिजिक्सची बी. एस्सी. अकॅडमीत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी शिकवायला लागले होते. कॅमेरे त्यांनी प्रत्येक वर्गात लावले होते, पण त्यांत बाक दिसत नसत. दिसायचा फळा, टेबल आणि शिकवणारा. "मुलं कामचुकार नसतात, मास्तर असतात," सर म्हणायचे. रोज सकाळी केबिनमध्ये चहा घेत ते आदल्या दिवसाचे तास बघत. कॅमेऱ्याला आवाजही होता.

इंग्रजी माझ्याकडे अपघातानं आलं. सर अकॅडमीच्या प्रचाराच्या दौऱ्यावर गेले, त्यांचा घसा बसला, आणि तुलनेचा धडा माझ्या गळ्यात पडला.

सरांची त्या धड्याची ट्रिक गावभर प्रसिद्ध होती. "शब्दाच्या शेवटी एस दिसला की फ्यूअर, नाही दिसला की लेस. डोकं लावायचं नाही, डोळे लावायचे!" मुलं ती म्हणायची आणि परीक्षेत 'लेस चिल्ड्रन' लिहून यायची, कारण चिल्ड्रनच्या शेवटी एस नसतो. दोष मुलांचा नव्हता. आपण दूधही कमी म्हणतो, गायीही कमीच म्हणतो. एका 'कमी'नं आपलं भागतं. इंग्रजी मात्र आधी विचारतं, हे तुम्ही मोजता की मापता?

मी तेवढंच सांगितलं. मोजता येतं ते फ्यूअर, मापता येतं ते लेस. 'मोर' दोन्हीकडे चालतं. बरोबरी दाखवायची असेल तर मोजण्याला 'ॲज मेनी ॲज', मापण्याला 'ॲज मच ॲज'.

"मॅडम, मग हरभऱ्याचं काय?" सत्यभामा केंद्रेनं विचारलं. ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. पहाटे मैदानावर पळून यायची आणि दुपारच्या तासाला पेंगायची, पण प्रश्न कधी चुकवायची नाही. "हरभरा मोजताही येतो अन् मापताही येतो."

मला त्या प्रश्नानं झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी घरून सामान घेऊन गेले. बरणीत दोन ग्लास पाणी ओतून जिथं पातळी आली तिथं रबर लावलं, पाणी काढलं, बरणी पुसून कोरडी केली. मग एक ग्लास हरभरे ओतले. वरून एक ग्लास रवा. बरणी हलवत, टेबलावर ठोकत गेले. रवा खाली खाली झिरपला आणि सगळं मिळून रबराच्या बरंच खाली येऊन थांबलं.

"एक ग्लास आणि एक ग्लास," मी म्हणाले, "पण दोन ग्लासांपेक्षा कमी. काय कमी झालं? हरभरे?"

"नाही!"

"मग फ्यूअर म्हणायचं?"

"नाही!"

"माप कमी झालं. मिश्रण लेस झालं, हरभरे फ्यूअर झाले नाहीत. ते ॲज मेनी ॲज बिफोर."

वर्गात जो आवाज झाला तसा माझ्या कुठल्याच तासाला पुन्हा झालेला नाही. आणि लगेच सत्यभामाचा हात वर. "मग मॅडम, कमी झालेलं गेलं कुठं?"

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, लाल दिवा विझला. उकाड्यानं मी मुलांना बाहेर लिंबाखाली नेलं आणि तिथं उत्तर दिलं. त्यामुळे हे उत्तर वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. तेव्हा मी त्याचा काही विचारही केला नव्हता.

सरांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "मॅडम, तुम्ही तर वाघीण निघालात. यंदाच्या शिबिराच्या फ्लेक्सवर तुमचं नाव. इंग्रजीची नवी बॅच तुमची. शब्द देतो."

मी घरी आईला सांगितलं. आईनं शेजारी सांगितलं. मंगल कार्यालयात दरवर्षी होणारं मोफत शिबिर म्हणजे अकॅडमीचा पोळा. त्याच्या फ्लेक्सवर ज्याचं नाव, त्याच्याकडे गाव मुलं पाठवतं. मला ती बॅच किती हवी होती हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सायकलवरून जाता-येता मी मनात पुढचे धडे लावत होते. काळासाठी पाण्याची गळती टाकी, कर्मणीसाठी उलटा धरलेला टॉर्च.

फ्लेक्स लागला तो चौकात. 'डी. के. सरांचं मोज-माप तंत्र! भारतात प्रथमच!' मधोमध सर, हातात हरभऱ्याचा ग्लास. बाजूला त्यांचे जावई, 'इंग्रजी तज्ज्ञ'. जावयांनी आजवर अकॅडमीत फक्त फी गोळा केली होती. माझं नाव कुठं नव्हतं. खाली बारीक अक्षरात 'व अनुभवी सहकारी' असं होतं, त्यात मी असेन.

मी केबिनमध्ये गेले. सर माझाच तास बघत होते. पडद्यावर मी बरणी हलवत होते आणि खुर्चीत बसून सर मोकळा हात तसाच हलवत होते.

"या या. इथं तुम्ही बरणी किती वेळा ठोकता? घाईत दिसत नाही."

"सर, हे माझं आहे."

"काय?"

"हा धडा. ग्लास, बरणी, मोजणं-मापणं. तुम्ही शब्द दिला होता."

त्यांनी पडदा थांबवला. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. ते हसले, जसं लहान मुलीला हसतात. "मॅडम, वर्ग कुणाचा? माझा. कॅमेरा? माझा. खडू? तोही माझाच. मग खडूतून निघालं ते कुणाचं?"

"खडूतून काही निघत नाही सर."

"हे बघा. फिजिक्सवाली बाई इंग्रजी शिकवते म्हणलं की पालक पुढच्या गल्लीत जातात. तुम्ही हुशार आहात, पण तुमच्या तोंडाला गिऱ्हाईक नाही. शिबिराला मात्र यायचं. ग्लास भरायला कोणीतरी लागतं. साडी नेसून या, स्टेजवर बरं दिसतं." आणि मी दाराशी पोचल्यावर, मागून, "हरभरे निवडून आणा बरं का. खडे नकोत."

बाहेर फीच्या रांगेत उभ्या पालकांनी ते ऐकलं. एक जण हसला. त्या हसण्याचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी जाऊन मी रडले नाही. मी विचार केला, जसा प्रयोग मांडताना करतात. सरांकडे काय आहे? माझे शब्द, माझे हात, माझी वाक्यं, सगळं जसंच्या तसं. काय नाही? का, हे नाही. बरणीत माप कमी का होतं हे त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. माणूस ज्याबद्दल विचारत नाही, तिथं त्याला काहीही विकता येतं.

मुलांना मात्र खोटं शिकवायचं नव्हतं. म्हणून मी येळवशीची वाट पाहिली.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच हाक मारली. चहाचा कप हातात, चेहरा उजळलेला. "मॅडम, कालचा तास बघितला. येळवशीलाही भरवला, शाब्बास. ती केंद्रेची पोरगी काय प्रश्न विचारते हो! आवाज आला नाही तिचा, पण तुमच्या उत्तरावरनं कळला. 'कमी झालेलं गेलं कुठं?' हा प्रश्न शिबिरात शेवटी घ्यायचा. टाळ्या तिथं पडल्या पाहिजेत."

"घेऊ की सर."

"पहिल्या दोन ओळींना तयार करा."

शिबिराच्या पहिल्या दोन ओळी म्हणजे आमच्या धंद्याची जुनी रीत. तिथं आधीच प्रवेश घेतलेली मुलं नवी असल्यासारखी बसवायची. ती ठरलेले प्रश्न विचारतात, ठरल्या जागी एका सुरात उत्तरं देतात. मागचे पालक म्हणतात, बघा, एका तासात पोरं किती शिकली! ओळी तयार करायचं काम माझं असायचं. मी त्यांना सरांचे प्रश्न वाटून दिले. शेवटचा सत्यभामाला.

"मॅडम, ह्याचं उत्तर तर तुम्ही लिंबाखाली सांगितलं होतं," ती म्हणाली. "सर तेच सांगणार का?"

"सर काय सांगतील ते ऐक," मी म्हणाले. "आणि खणखणीत विचार."

तिला मी याहून जास्त काही सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

शिबिराच्या दिवशी मंगल कार्यालय तुडुंब. आमचं गाव डाळमिलांचं. समोर बसलेल्या पालकांपैकी निम्म्यांचा हरभऱ्याशी कुठं ना कुठं संबंध. कोणी अडत्या, कोणी मिलवाला, कोणाचं शेतच. तिसऱ्या ओळीत मुंदडा शेठ होते, दोन मिलांचे मालक, नातीला घेऊन आलेले. मी साडी नेसून स्टेजवर, हातात दोन ग्लास, खांद्याला पिशवी.

सरांनी धडा मांडला. हे मी मान्य करीन की चांगला मांडला. माझा थांबा त्यांनी तिथंच घेतला जिथं मी घेते. "काय कमी झालं? हरभरे?" म्हणताना भुवई तशीच वर. समोरून एका सुरात "नाही!" मी ग्लास पुढं केले, त्यांनी ओतले, बरणी हलवली, ठोकली. रवा रबराच्या खाली गेला. मागच्या ओळींतले लोक उभे राहून बघू लागले. स्वतःच्या अंगावरचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर बघावेत तसं मला होत होतं.

"काही शंका?" सरांनी हात पसरले.

सत्यभामा उठली. "सर, मग कमी झालेलं गेलं कुठं?"

सरांनी माझ्यासारखीच मान हलवली. "चांगला प्रश्न आहे. नीट ऐका." ते थोडे थांबले आणि माझं वाक्य म्हणाले, हळूहळू. "कोरडा हरभरा तहानलेला असतो. रवा शेजारी आला की तो रवा आत ओढून घेतो. म्हणून माप कमी होतं." आणि दोनदा म्हणायचं होतं म्हणून पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा स्वतःची भरही घातली. "याला विज्ञानात शोषण म्हणतात!"

टाळ्या पडल्या नाहीत.

पहिल्या दोन ओळी एकमेकांकडे बघत होत्या. मागून कोणीतरी खोकलं. मग मुंदडा शेठ बसल्या जागेवरूनच म्हणाले, "काय सांगलालाव सर! हरभरा रवा पितो?"

"शास्त्र आहे शेठ."

"मग आमच्या गोदामात हरभऱ्याशेजारी बेसन ठेवू नये म्हणा! रातभरात पोती गिळून बसायचा."

हशा असा उठला की छताचे पंखेही थांबल्यासारखे वाटले. कोणी म्हणालं, "अन् आमचा हरभरा भुसा खातो का सर?" दुसरा म्हणाला, "तरीच वजनात घट येते राव!" सर हसायचा प्रयत्न करत होते. "ऐका, ऐका, तांत्रिक भाग आहे."

"सर," सत्यभामा अजून उभीच होती. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. "चाळून बघायचं का? पिला असंल तर रवा कमी भरंल."

मी पिशवीतून चाळणी काढली.

सरांनी चाळणी बघितली, मग मला. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. माईक बाजूला धरून ते पुटपुटले, "चाळणी कशाला आणली?"

"तुम्हीच म्हणालात सर, खडे नकोत."

पिशवीतली छोटी परात खाली ठेवून मी बरणी चाळणीत रिकामी केली. रवा खालच्या परातीत पडला, हरभरे वर राहिले. हरभरे ग्लासात ओतले. ग्लास काठापर्यंत भरला. परातीतला रवा दुसऱ्या ग्लासात. तोही काठापर्यंत. दोन्ही ग्लास मी उंच धरले. हरभऱ्यांच्या मधल्या फटी लोकांना आता आपोआप दिसत होत्या. गेलं काहीच नव्हतं. रवा फक्त रिकाम्या जागेत जाऊन बसला होता.

"शाब्बास!" सर ओरडले. माईक पुन्हा तोंडाशी. तो माणूस हुशार होता, हे विसरून चालायचं नाही. "बघितलंत? मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं! विद्यार्थी जागे आहेत का बघायला. हीच आमची पद्धत!"

काही पालक खरंच टाळ्या वाजवू लागले. अजून थोडा वेळ गेला असता तर ते तेही गिळून बसले असते.

टेबलावर दुसरा माईक होता. मी तो घेतला.

"सरांचं उत्तर सरांचं नाही," मी म्हणाले. "माझं आहे. येळवशीच्या तासाला मी दिलं होतं. सत्यभामा, येळवशीला तू कुठं होतीस?"

"शेतात, मॅडम."

"आणि बाकीचे?"

एका सुरात उत्तर द्यायची सवय त्यांना मीच लावली होती. दोन्ही ओळी ओरडल्या, "शेतात!"

"वर्गात कोण होतं?"

"कोणीच नाही!"

"मग हे उत्तर मी कोणासाठी दिलं असेल?"

सगळी मंडळी सरांकडे वळली. अगदी मागच्या माणसांनीही माना लांब केल्या. मुंदडा शेठांच्या नातीनं विचारलं, "आजोबा, सरांनी कॉपी केली का?" त्या वयाच्या पोरांचा आवाज फार लांबपर्यंत जातो.

मी दोन्ही ग्लास, बरणी, परात आणि चाळणी पिशवीत भरली. सर पायरीपाशी आले. कपाळावर घाम होता. "तुला या गावात खडू हातात धरू देणार नाही," असं ते पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाले.

"खडू तुमचाच सर," मी म्हणाले. "तुम्हीच ठेवा."

त्यानंतर शिखरदीपला किती मुलं येतात हे मला सत्यभामाकडून कळायचं. भरती होऊन ती लातूरला गेली तरी सुट्टीत यायची. "मॅडम, मुलं फ्यूअर, मान लेस," ती सांगायची आणि स्वतःच हसायची. सर अडत बाजारातून गेले की कोणीतरी हमखास हाक मारायचं, "सर, आमच्या हरभऱ्याला तहान लागली हो!" त्यांनी बाजाराचा रस्ता सोडला, मागच्या बोळातून जाऊ लागले. लोक मला म्हणतात, तुला कधीतरी वाईट वाटेल. मी अधूनमधून तपासून बघते. अजून वाटलेलं नाही.

आता माझे स्वतःचे इंग्रजीचे वर्ग आहेत, तेलंगे गल्लीत, वरच्या मजल्यावर. कॅमेरा नाही. चाळणी फळ्याशेजारी खिळ्याला असते.

गेल्या जूनमध्ये तुलनेचा धडा घेताना तिसऱ्या बाकावरच्या एका नव्या मुलीनं वहीआड मोबाइल उभा केलेला मला दिसला. ती कोनाळ्यांच्या जावयाची पुतणी, हे मला प्रवेशाच्या दिवसापासून माहीत होतं. बरणीतला रवा रबराच्या खाली गेला आणि कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. मी फळ्यापासून सरकून मोबाइलच्या बरोबर समोर उभी राहिले, म्हणजे आवाज स्वच्छ यावा. फटींचं सगळं खरं उत्तर दिलं, हळूहळू, दोनदा.

मुलीनं मोबाइल दप्तरात टाकला. आता ते उत्तर त्यांच्याकडे आहे, पूर्ण आणि बिनचूक. पण हरभऱ्याची तहान न विसरलेल्या या गावात कोनाळे ते कुठल्या स्टेजवर म्हणणार आहेत, एवढंच मला बघायचंय.